मूलभूत हक्क उघडतात, मार्गदर्शक तत्त्वांना पासवर्ड लागतो

तापीकाठचे आबा | १२ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी चोपडा तालुक्यातला, अडावदच्या अलीकडे आमचं गाव. नोकरी संपल्यावर स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी एक अभ्यासिका काढली. पाच कॉम्प्युटर आहेत. एक आणि दोन नंबरवर विंडोज ७, बाकी तिघांवर विंडोज १०. सगळ्यांवर क्रोम.

मागच्या उन्हाळ्यात गावातल्याच एका पोराने क्रोममध्ये काहीतरी बसवून दिलं. नको त्या साइट उघडल्या की लाल पंजाचं चित्र येतं आणि खाली पासवर्डची चौकट. पासवर्ड टाकला तर पान उघडतं. तो पोरगा आता पुण्याकडे कंपनीत लागला. फोन केला तर म्हणतो, "आबा, मी तो तुमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिला होता." कॅलेंडर मागच्या वर्षीचं. जानेवारीत घरी नेलं. आमच्या सौभाग्यवतींनी त्याची पानं बिबडे वाळवताना खाली अंथरली. पुढचं सांगत नाही.

हरकत नव्हती. नको ती पानं बंद आहेत ना, राहू देत बंद, असं म्हणून मी गप्प बसलो. पण आता भलतीच पानं पासवर्ड मागायला लागली आहेत. परवा एक शेतकरी पोरीला घेऊन आला. दहावीनंतर डिप्लोमाला टाकायचंय, माहिती बघायची होती. उन्हाचा तडाखा म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. तो माणूस केळीच्या बागेतून तसाच आलेला, पायाला चिखल. मी पान उघडायला गेलो तर लाल पंजा! पोरगी माझ्याकडे बघते, बाप पोरीकडे बघतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पोरांची तक्रार तर आणखी विचित्र. राज्यघटनेचा अभ्यास चालू आहे. मूलभूत हक्कांचं इंग्रजी पान उघडतं, मार्गदर्शक तत्त्वांचं उघडत नाही. भाग तीन चालतो आणि भाग चारला पासवर्ड! आता याला काय म्हणावं? आणि चार नंबरवर तर क्रोम चालू केलं की लगेच पासवर्ड मागतो, काही उघडायच्या आधीच.

माझ्याकडे विंडोजचा मुख्य पासवर्ड आहे, तो पाठ आहे. हा मधलाच पासवर्ड नाही. काय करू?


सरळसोट | १२ मे, रात्री १०:०५

आबा, राग मानू नका. पण "पासवर्ड विसरलो, कसा काढू" असं विचारणारे निम्मे लोक विद्यार्थीच असतात. तुम्ही खरंच मालक आहात कशावरून?


तापीकाठचे आबा | १२ मे, रात्री १०:२२

मालक वगैरे काही नाही हो. लाइट बिल भरतो आणि सकाळी झाडू मारतो.


पांझरा_पूल | १२ मे, रात्री ११:१०

सरळसोट भाऊ, विंडोजचा अ‍ॅडमिन पासवर्ड ज्याच्याकडे आहे तोच या सगळ्याचा मालक. विद्यार्थ्याकडे तो नसेल तर मी पुढे जे सांगणार आहे त्यातलं त्याला काहीही करता येणार नाही. म्हणून बिनधास्त सांगतो.

आबा, धुळ्यात नेटवर्कची कामं करतो. आमच्याकडे म्हणतात तसं, पासवर्ड कोन मांगी ऱ्हायना ते देखा पह्यले. लोक इथेच चुकतात. पासवर्डची चौकट दिसली की सगळ्या चौकटी एकच वाटतात. प्रत्यक्षात तीन वेगवेगळे लोक पासवर्ड मागू शकतात.

एक, क्रोममध्ये बसवलेलं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेला छोटा प्रोग्रॅम. त्याचं स्वतःचं रंगीत पान असतं. तुमचा लाल पंजा म्हणजे हा गडी.

दोन, समोरची साइट किंवा एखादं यंत्र. तेव्हा क्रोमची स्वतःची साधी राखाडी चौकट येते, त्यात युजरनेम आणि पासवर्ड अशी दोन खानं असतात आणि वरच्या ओळीत कोण मागतंय त्याचा पत्ता असतो. तो पत्ता कोणी वाचत नाही. तो वाचा.

तीन, खुद्द विंडोज. सगळा पडदा काळवंडतो आणि मध्ये चौकट येते.

आता एवढं करून बघा. लाल पंजा येतो तेच पान एजमध्ये, म्हणजे विंडोजसोबत येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरमध्ये उघडा. मग तुमच्या मोबाइलवर, अभ्यासिकेच्याच वायफायवर उघडा. मोबाइलवर उघडलं तर राउटरचा दोष नाही. एजमध्ये उघडलं तर विंडोजचाही नाही, फक्त क्रोमचा. आणि जिथे पंजा न येता नुसतंच पान अडतं, तिथे खाली बारीक अक्षरात इंग्रजीत एक ओळ असते, ती जशीच्या तशी लिहून काढा. "ब्लॉक्ड बाय क्लायंट" असेल तर एक्स्टेन्शनने अडवलं. "ब्लॉक्ड बाय अ‍ॅडमिनिस्ट्रेटर" असेल तर क्रोमच्या पॉलिसीने. "कनेक्शन रिफ्यूज्ड" असेल तर बऱ्याचदा होस्ट्स फाइलमध्ये, म्हणजे विंडोजच्या साइटच्या नाव-पत्त्यांच्या वहीत, कोणीतरी त्या साइटचं नाव १२७.०.०.१ ला बांधून ठेवलेलं असतं, म्हणजे कॉम्प्युटर स्वतःच्याच दारावर टकटक करतो आणि आत कोणी नसतं.


तापीकाठचे आबा | १३ मे, दुपारी १:१५

दादा, सगळं केलं. बाहेर पंचेचाळीस अंश आहे, कूलरचं पाणी दोनदा भरलं, पण केलं.

लाल पंजाचं पान एजमध्ये उघडतं. मोबाइलवर उघडतं. म्हणजे क्रोमच. मग मी एक्स्टेन्शनच्या यादीत गेलो, तिथे ते दिसतं. पण इतरांच्या खाली काढून टाकायचं बटण असतं तसं याच्या खाली नाहीच! चालू-बंदची कळही करडी, दाबली जात नाही. लिहिलंय "इन्स्टॉल्ड बाय युवर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर". मी म्हटलं, अरे, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर तर मीच ना?

चार नंबरची राखाडी चौकट वाचली. त्यात लिहिलंय १९२.१६८.१.१ आणि खाली युजरनेम, पासवर्ड.


पांझरा_पूल | १३ मे, दुपारी १:३८

चार नंबरचं कोडं सुटलं. १९२.१६८.१.१ हा तुमच्या राउटरचा पत्ता. त्या पोराने वायफाय बसवताना राउटरचं पान क्रोमचं सुरुवातीचं पान करून ठेवलं आणि विसरला. म्हणून क्रोम उघडलं की राउटर विचारतो, "कोण रे तू?" सेटिंगमध्ये "ऑन स्टार्टअप" शोधा आणि तो पत्ता काढा. त्याचा तुमच्या लाल पंजाशी काडीचाही संबंध नाही.


तापीकाठचे आबा | १३ मे, दुपारी २:०२

काढला. गेलं! वर्षभर पोरं त्या चौकटीत वाटेल ते पासवर्ड टाकून बघत होती. एकाने तर गावदेवीचं नावही टाकलं होतं म्हणे.


छापखानावाली | १३ मे, दुपारी ३:३०

भुसावळहून. लग्नपत्रिका आणि ग्रामपंचायतीचे फॉर्म जुळवायचं काम करते. कॉम्प्युटरचं फार कळत नाही, पण मूलभूत हक्क उघडतात आणि मार्गदर्शक तत्त्वं नाहीत, हे डोक्यातून जाईना. आबा, एक कराल का? जी जी पानं अडतात, त्यांचे पत्ते वरच्या पट्टीतून जसेच्या तसे एका कागदावर लिहा. आणि हेही सांगा, मराठीत शोधलं तर काय होतं?


तापीकाठचे आबा | १३ मे, संध्याकाळी ७:५०

ताई, चांगला प्रश्न. मराठीत "मार्गदर्शक तत्त्वे" शोधलं तर सगळं उघडतं, अगदी विकिपीडियाचं मराठी पानसुद्धा. इंग्रजीत शोधलं की पंजा. मला वाटलं इंग्रजीचीच चीड आहे.

अडलेली पानं: डिप्लोमा प्रवेशाची दोन-तीन. डायरेक्टिव्ह प्रिन्सिपल्स. मल्टिपल चॉइस प्रश्नांच्या साइट, त्या तर सगळ्याच. इंग्रजी व्याकरणात "पार्टिसिपल" होतं, तेही. शिस्तीवरचा निबंध म्हणून एका पोराने "डिसिप्लिन" शोधलं, तिथेही पंजा. हसता हसता पुरेवाट झाली.


छापखानावाली | १३ मे, रात्री ८:१५

आबा, सापडलं!

आम्ही पत्रिका तपासताना शब्द वाचत नाही, अक्षरं वाचतो. नाहीतर "चि. सौ. कां." मधला टिंब सुटतो आणि वधूपिता दारात येऊन उभा राहतो. तुमचे शब्द इंग्रजी स्पेलिंगमध्ये एकाखाली एक लिहिले. डिप्लोमा: डी, मग आय-पी-एल. मल्टिपल: शेवटच्या ई-च्या आधी आय-पी-एल. प्रिन्सिपल्स, डिसिप्लिन, पार्टिसिपल, प्रत्येकाच्या पोटात तीच तीन अक्षरं.

मागच्या उन्हाळ्यात पोरं अभ्यासिकेत काय बघत होती हो?


तापीकाठचे आबा | १३ मे, रात्री ८:२२

मॅच!


पांझरा_पूल | १३ मे, रात्री ८:४०

ताई, मानलं. बठ्ठं काम तुम्ही केलं. मी गेले सहा तास रजिस्ट्रीचा, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीचा, विचार करत बसलो होतो.

त्या पोराने साइटची नावं न टाकता शब्द टाकला. अशा एक्स्टेन्शनमध्ये दोन खानी असतात, एक साइटसाठी आणि एक शब्दासाठी. शब्दाच्या खान्यात टाकलं की पत्त्यात कुठेही ती अक्षरं सापडली की पान बंद. ते अक्षरं मोजतं, अर्थ त्याला कळत नाही. मराठीत ती अक्षरं येतच नाहीत, म्हणून मराठी शोध सुखरूप. सट्ट्याच्या साइट अडवायला कोणी बी-ई-टी टाकतो, तर डायबेटिस आणि अल्फाबेट अडतं. सिनेमा अडवायला सी-आय-एन-ई टाकतो, तर मेडिसिन आणि व्हॅक्सिन अडतं.


शहादेकर सर | १३ मे, रात्री ९:३०

हे वाचून जुनी गोष्ट आठवली. शाळेत इंटरनेट एक्सप्लोररमध्ये कंटेंट अ‍ॅडव्हायजर नावाचा प्रकार होता. १९९६ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून आला. तो चालू करताना सुपरवायजर पासवर्ड ठेवावा लागे. मग ज्या साइटने स्वतःचं रेटिंग जाहीर केलेलं नाही ती प्रत्येक साइट पासवर्ड मागायची. आणि रेटिंग जाहीर करणाऱ्या साइट होत्याच किती? बोर्डाचा निकाल बघायला गेलो तर निकालालाही पासवर्ड! मुख्याध्यापकांना वाटलं बोर्डानेच लावलाय. आम्ही अर्धा तास बोर्डाला शिव्या घातल्या.

शेवटी एका मेकॅनिकने रजिस्ट्रीत "रेटिंग्ज" नावाच्या फोल्डरमधली "की" नावाची एक नोंद काढली आणि पासवर्ड संपला. दोन मिनिटांचं काम, पैसे घेतले दोनशे. पुढे दहाव्या आवृत्तीपासून ते झाकूनच ठेवलं, आणि २०२२ च्या जूनमध्ये इंटरनेट एक्सप्लोररच निवृत्त झाला. माझ्या दोन वर्षं आधी.


अमळनेरची वहिनी | १३ मे, रात्री १०:१०

मध्येच विचारते, माफ करा. माझा मुलगा बारा वर्षांचा. घरच्या लॅपटॉपवर मी पासवर्डवालं एक्स्टेन्शन टाकलंय. मला वाटायचं सगळं व्यवस्थित आहे, पण अलीकडे तो फार शहाण्यासारखा वागतोय. शंका येते.


खिडकीजवळचा | १३ मे, रात्री ११:४५

आबा, मी तुमच्याच अभ्यासिकेतला. नाव नाही सांगत. खिडकीजवळच्या खुर्चीत बसतो एवढंच.

तुम्ही एवढे घाम गाळताय म्हणून राहवलं नाही. क्रोममध्ये वर उजवीकडे गोल चित्रावर क्लिक केलं की "गेस्ट" म्हणून येतं. त्या खिडकीत एक्स्टेन्शन येतच नाहीत. तिथे लाल पंजा कधी आलाच नाही. इनकॉग्निटोमध्येही, म्हणजे इतिहास न ठेवणाऱ्या खिडकीतही नाही. गेल्या वर्षीची फायनल आम्ही पाच जणांनी तिथेच बघितली. तुम्ही जेवायला गेला होता.

मार्गदर्शक तत्त्वंही आम्ही तिथेच वाचतो. तुम्हाला सांगितलं नाही कारण मग मॅचही बंद झाली असती.


तापीकाठचे आबा | १४ मे, सकाळी ६:१०

खिडकीजवळ दोन खुर्च्या आहेत. बघतो.

म्हणजे मंडळी, वर्षभर त्या पासवर्डने अख्ख्या गावात फक्त मला अडवलं.


सरळसोट | १४ मे, सकाळी ८:००

मी सुरुवातीला घेतलेली शंका मागे घेतो. आबा मालकच आहेत. विद्यार्थ्याला अडचणच नव्हती.


पांझरा_पूल | १४ मे, सकाळी ९:२०

वहिनी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर खिडकीजवळच्याने दिलं. इनकॉग्निटोमध्ये एक्स्टेन्शन चालायचं असेल तर त्याच्या तपशिलात जाऊन "अलाऊ इन इनकॉग्निटो" ही कळ वेगळी चालू करावी लागते. गेस्ट खिडकीत तर तेही नाही. शिवाय मुलाने क्रोममध्ये नवीन प्रोफाइल केलं तर ते कोरं करकरीत असतं.

आणि एक. २०२४ पासून क्रोमने जुन्या पद्धतीची, म्हणजे मॅनिफेस्ट व्ही२ वर बनलेली एक्स्टेन्शन्स हळूहळू बंद करायला सुरुवात केली. जुनं ब्लॉकर असेल तर ते एखाद्या दिवशी न सांगता गप्प झालेलं असू शकतं. यादीत जाऊन अजून जिवंत आहे का बघा.

घरच्यासाठी विंडोजमध्ये मुलाचं वेगळं खातं करा आणि ते मायक्रोसॉफ्ट फॅमिलीत जोडा. साइटची गाळणी एजमध्येच चालते, आणि गाळणी चालू असताना बाकीचे प्रसिद्ध ब्राउझर बंद राहतात. मुलगा कुरकुर करेल. करू दे.

आता आबा, तुमचं काम.

आधी ते एक्स्टेन्शन हाकला. त्याचा पासवर्ड हवाच कशाला? त्या पोराने ते रजिस्ट्रीतून सक्तीने बसवलंय, म्हणून काढायचं बटण नाही. विंडोजच्या अ‍ॅडमिन खात्यात जा, स्टार्टमध्ये "रेजएडिट" टाका. डावीकडे झाड दिसेल, त्यात उतरत जा: एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम. त्या क्रोम फोल्डरवर राइट क्लिक करून "एक्सपोर्ट" करा आणि ती फाइल पेनड्राइव्हवर ठेवा. हे न करता पुढे जाऊ नका. काही बिघडलं तर तीच फाइल डबल क्लिक करून सगळं परत येतं.

मग आत "एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट" असेल. त्यात "१" नावाची नोंद आणि तिच्यात एक लांबलचक अक्षरांची ओळ. ती नोंद काढा. क्रोम बंद करून उघडा. पंजा गेला पाहिजे.


तापीकाठचे आबा | १४ मे, दुपारी १२:४०

तीन नंबरवर केलं. ओळ दिसली, बत्तीस अक्षरांची, एकही शब्द नाही. काढली. क्रोम उघडलं. डायरेक्टिव्ह प्रिन्सिपल्स उघडलं! कलम ३६ पासून ५१ पर्यंत सगळं. पोरांनी टाळ्या वाजवल्या, एवढ्या तर घटना समितीतही वाजल्या नसतील.

त्या ओळीत ए पासून पी पर्यंतचीच अक्षरं होती. असं का? उगाच कुतूहल.


पांझरा_पूल | १४ मे, दुपारी १:०५

कॉम्प्युटरवाले सोळाच्या पाढ्यात मोजतात, त्याचे सोळा आकडे क्रोमने ए ते पी अशा सोळा अक्षरांनी लिहिले. एवढंच. तुमच्या आधी मला हे कोणी विचारलं नव्हतं.


छापखानावाली | १४ मे, दुपारी १:२०

मीही तेच विचारणार होते.


केळीचा_घड | १४ मे, दुपारी ३:००

रावेरहून. एवढा खटाटोप कशाला? नेट बंद करा, पुस्तकं आणा. आमच्या काळी एका नोट्सच्या झेरॉक्सवर सहा जण अधिकारी झाले.


शहादेकर सर | १४ मे, दुपारी ३:४०

केळीदादा, तुमच्या बागेला ठिबक आहे की पाटाने पाणी देता?


केळीचा_घड | १४ मे, दुपारी ३:४४

ठिबक. समजलं सर, समजलं.


पांझरा_पूल | १४ मे, रात्री ९:५०

आबा, आता पुढचं. हे थोडं लांब होईल पण एकदाच करायचंय.

ब्राउझरमधला पासवर्ड म्हणजे दाराची कडी. आतून बाहेरून कुठूनही निघते. कुलूप लावायचं असेल तर ते विंडोजच्या खात्याला लावा. प्रत्येक मशीनवर दोन खाती: एक तुमचं, अ‍ॅडमिन, दुसरं "विद्यार्थी", साधं, म्हणजे स्टँडर्ड युजर. पोरं फक्त दुसऱ्यात बसतील. आत्ता पाचही मशीनवर पोरं तुमच्याच अ‍ॅडमिन खात्यात बसतायत, बरोबर ना? म्हणजे घराची किल्ली पोरांच्याच खिशात.

मग मघाचंच क्रोम फोल्डर, लोकल मशीनमधलं. तिथलं काही बदलायला अ‍ॅडमिन लागतो, म्हणून विद्यार्थी खात्यातून कोणी हात लावू शकत नाही. तिथे "इनकॉग्निटो मोड अव्हेलेबिलिटी" नावाचा आकडा करून त्याला १ द्या, इनकॉग्निटो बंद. "ब्राउझर गेस्ट मोड एनेबल्ड" ला ०, खिडकीजवळचा बंद. "ब्राउझर अ‍ॅड पर्सन एनेबल्ड" ला ०, नवीन प्रोफाइल बंद. मग "यूआरएल ब्लॉकलिस्ट" नावाचं फोल्डर, आणि त्यात १, २, ३ अशा नावांनी एकेक साइट. साइटचं पूर्ण नाव टाका, शब्द नाही! नाव टाकलं की तिच्या उपसाइटही बंद होतात. एखादी चुकून अडली तर "यूआरएल अलाउलिस्ट" मध्ये टाका, दोन्हीत असेल तर अलाउलिस्टचं चालतं.

नंतर पत्त्याच्या जागी क्रोम, कोलन, दोन तिरप्या रेघा आणि पॉलिसी असं टाका. तुम्ही घातलेलं सगळं तिथे यादीत दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर स्पेलिंग चुकलंय, शंभर टक्के. मेनूच्या तळाशी "मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन" असं येईल. पोरं विचारतील कोणती ऑर्गनायझेशन, तर म्हणा मीच.

एजमध्येही हेच करावं लागेल, फोल्डर मायक्रोसॉफ्ट, एज, आणि दोन नावं वेगळी: इनकॉग्निटोच्या जागी "इनप्रायव्हेट मोड अव्हेलेबिलिटी" आणि अ‍ॅड पर्सनच्या जागी "ब्राउझर अ‍ॅड प्रोफाइल एनेबल्ड". ते विसरलात तर खिडकीजवळचा उद्याच सांगेल.

एवढं करूनही पेनड्राइव्हवरून पोर्टेबल फायरफॉक्स चालवता येतो, त्याला अ‍ॅडमिन लागत नाही. म्हणून राउटरमध्ये डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा, बदला: १.१.१.३ आणि १.०.०.३. क्लाउडफ्लेअरची ही कुटुंबांसाठीची सेवा, २०२० मध्ये सुरू झाली, फुकट. अश्लील आणि व्हायरसच्या साइट ती नाव विचारतानाच अडवते. क्रिकेट अडवणार नाही, ते तिचं कामच नाही. राउटरच्या मागच्या स्टिकरवरचा पासवर्ड मात्र बदला, नाहीतर चार नंबरवर बसून कोणीही परत बदलेल.

आणि पोराच्या खिशातल्या मोबाइलवर स्वतःचं नेट असतं. त्यावर माझ्याकडे इलाज नाही.


तापीकाठचे आबा | १५ मे, रात्री १०:३०

आज दिवसभर हेच. तीन, चार, पाच झाले. विद्यार्थी खातं केलं, क्रोम आणि एज दोन्हीत घातलं. पाच नंबरवर पॉलिसीच्या यादीत काहीच दिसेना. तासभर डोकं खाजवलं. "इनकॉग्निटो" मध्ये मी "के" घातला होता. छापखानावाल्या ताईंची आठवण आली.

एक आणि दोनवर अडचण. विंडोज ७ वर क्रोम १०९ च्या पुढे जात नाही म्हणतो. हे तसंच ठेवू?


पांझरा_पूल | १५ मे, रात्री १०:५५

१०९ ही विंडोज ७ साठीची शेवटची, २०२३ पासून पुढचं येत नाही. पॉलिसी तिथेही चालेल, पण ते मशीन नेटवर ठेवू नका. सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. त्यांची वायर काढा आणि टायपिंगच्या सरावाला द्या. विंडोज १० वाल्यांचाही आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्याचं पुढे कधीतरी बघावं लागेल. आज नाही.


अमळनेरची वहिनी | १६ मे, दुपारी ४:१५

मुलाला सरळ विचारलं, गेस्ट खिडकी माहीत आहे का? म्हणाला, "आई, ती तर चौथीत असताना." आता त्याचं वेगळं खातं केलं. दोन दिवस बोलत नव्हता. आज भरीत केलं तेव्हा बोलला.


तापीकाठचे आबा | १९ मे, रात्री ८:४५

शेवटचं कळवतो.

एक आणि दोनची वायर काढली, त्यावर मराठी टायपिंग चालू आहे. राउटरचा पासवर्ड बदलला. अ‍ॅडमिनचा पासवर्ड एका पाकिटात घालून ग्रंथालयाच्या कपाटात ठेवला, दुसरं पाकीट माझ्या घरी. सौभाग्यवतींना बजावलं, पाकीट म्हणजे पाकीट, त्यावर काही वाळत घालायचं नाही. त्या म्हणाल्या, कॅलेंडर तुम्हीच दिलं होतं.

मॅचबद्दल पोरांशी बोललो. ब्लॉकलिस्टमध्ये मी ती टाकलेली नाही. रात्री साडेआठनंतर तीन नंबरवर एक जण स्कोअर बघेल आणि फळ्यावर लिहील, बाकीच्यांनी उठायचं नाही, असं ठरलं. पहिल्या दिवशी कोणी लिहायचं यावर वाद झाला. खिडकीजवळच्या दोघांपैकी एक जण फार पुढे पुढे करत होता.

डिप्लोमावाली पोरगी काल वडिलांबरोबर परत आली. पान उघडलं, कागदपत्रांची यादी छापून दिली. जातीचा दाखला अजून काढायचाय तिचा, त्याला चोपड्याला जावं लागेल.

ताई, तुमच्याकडे लग्नपत्रिका छापायला द्यायच्या असतील तर किती दिवस आधी सांगावं लागतं? पुतणीचं ठरतंय.


छापखानावाली | १९ मे, रात्री ९:०५

मजकूर आला की चार दिवस. पण आबा, मजकूर हाताने लिहून पाठवा, आणि इनकॉग्निटो असा शब्द त्यात नसेल असं बघा.